फ्रंट लोड मशीनची घरघर : लेव्हल नंतर बघा, आधी ड्रम हाताने फिरवा

तुम्ही लिहिलंय की मशीन पाच वर्षांचं आहे, स्पिनला घरघर येते आणि घरचे म्हणतात, "मशीन आहे, आवाज करणारच." ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. मी ते चार महिने ऐकलंय.

आमच्या घरी कपडे रोज मीच लावते, त्यामुळे आवाज बदलला तो मला पहिल्याच दिवशी कळला. धुताना काही नाही, पाणी सोडताना काही नाही. शेवटच्या स्पिनला वेग वाढत गेला की तळातून एक जाडसर घरघर वर चढायची, आणि वेग उतरला की तीही उतरायची. मी म्हटलं, बेअरिंग जातंय, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो ते. धाकटे दीर तिथेच बसले होते. म्हणाले, "वहिनी, लेव्हल गेली असेल. तुम्हाला प्रत्येक आवाजात बिघाडच ऐकू येतो."

मग मशीनच्या पायांखाली रबरी पॅड आले. मेकॅनिक आला, वर हात ठेवून क्षणभर ऐकलं आणि "कपडे जास्त भरता" असं सांगून गेला. लेव्हल बिघडलेलं मशीन हादरतं, धडधडतं, जागचं सरकतं. आमचं तर जागेवर उभं राहून गुरगुरत होतं. पण दार उघडून ड्रमला हात कुणीही लावला नाही. मला आजही राग आहे तो याचाच.

शेवटी एका दुपारी प्लग काढला आणि मीच बसले. रिकामा ड्रम हाताने फिरवला, तर जात्यात खडा अडकावा तशी खरखर बोटांना लागली. मग ड्रमची वरची कड आतून तळव्याने वर ढकलली. ड्रम आणि बाहेरचा टब दोन्ही मिळून स्प्रिंगवर झुलले तर ठीक असतं. इथे दाराभोवतीचं रबरी गॅस्केट जागेवर आणि ड्रम एकटाच 'टक' करून हलला. भाऊजींना दाखवलं, तर म्हणाले, "इतकं चालतं."

पाचव्या महिन्यात प्रत्येक फेऱ्याला एक ठोका यायला लागला. उघडल्यावर कळलं, ड्रमच्या पाठीमागे तीन हातांचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडर असतो, त्याचा एक हात मुळाशी तुटला होता. त्यावर पांढरट खपली, खाली धातूचे पापुद्रे सुटलेले. बेअरिंगकडे पाणी जाऊ न देणारं रबरी सील फाटून पाणी आत गेलं होतं आणि गंजाचा तपकिरी ओघळ टबाच्या मागच्या बाजूने उतरला होता. तिरक्या ड्रमने टबही आतून घासून काढला. पहिल्या महिन्यात उघडलं असतं तर सील, दोन बेअरिंगं आणि फार तर स्पायडर एवढ्यात भागलं असतं.

आता तुमचं. आवाज नेमका कधी येतो ते आधी पक्कं करा. फक्त पाणी सोडताना येत असेल तर ड्रेन पंप. खालचा फिल्टर उघडा, नाणं किंवा बटण सापडेल. ड्रम फिरताना मध्येच खणखण किंवा कर्र होत असेल तर ड्रम आणि टबाच्या मध्ये काहीतरी गेलंय, बहुतेक वेळा ब्राची तार. वेगाबरोबर चढत जाणारी एकसारखी घरघर म्हणजे बेअरिंग. आणि ड्रम हळू फिरवताना त्याची कड आणि गॅस्केट यांच्यामधली फट कमीजास्त होत असेल तर स्पायडर. मग एकही स्पिन लावू नका.

बेअरिंग बदलायला सांगितलं तर सीलही त्याच वेळी बदलून घ्या. जुन्या सीलमधून पाणी पुन्हा आत जातं आणि नवं बेअरिंगही तसंच मरतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पावडर भरभरून टाकणारी मीच होते, आणि कायम थंड पाण्यावर. न विरघळलेली पावडर आणि मळ मागे साठून स्पायडर खाल्ला जातो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर लावूया असं मी सुचवलं होतं, ते "वीज जाते" म्हणून राहिलं. तेव्हा हट्ट धरायला हवा होता.

अजून तीन गोष्टी : फिल्टर उघडण्याआधी पाणी गार होऊ द्या. मशीन वॉरंटीत असेल तर मागचं झाकण स्वतः काढू नका. आणि काही मशीनचा टब चिकटवून बंद केलेला असतो. तिथे "पूर्ण टबच बदलावा लागेल" असं सांगणारा माणूस फसवत असेलच असं नाही.

मेकॅनिकला बोलावलंत तर ज्यांना तो आवाज रोज ऐकू येतो त्यांनीच त्याच्याशी बोलावं. आधी ड्रम हाताने फिरवायला सांगा, आणि तो फिरवताना शेजारी उभे राहा.