ऑगस्टअखेर माल्मोला येतोय, पाच-सहा दिवस चालायचंय, गाडी नाही, शाकाहारी आहोत. कुंग्सलेदेनला जावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलीकडे माल्मोला दोन आठवडे येताय, नवराबायको दोघंही सह्याद्रीत नेमाने फिरणारे आहात, वयाची पन्नाशी ओलांडली आहे. जिथे तिथे स्वीडनच्या उत्तरेतल्या ‘कुंग्सलेदेन’ या पायवाटेचंच नाव वाचलंय. आणि स्वीडनमध्ये कुणाच्याही जमिनीवर कुठेही तंबू ठोकता येतो, परवानगी लागत नाही, हे खरं का?

मी इथे दक्षिणेत, स्कोने प्रांतात राहते आणि सुट्टी मिळाली की चालत असते. तेव्हा उत्तर थोडं एकतर्फी वाटलं तर चालवून घ्या.

या खेपेला कुंग्सलेदेन सोडा. ती वाट वाईट आहे म्हणून नव्हे. आबिस्को ते हेमावान सुमारे ४४० किमी, मुक्कामाला झोपड्या आहेत, ऑगस्टअखेर डासही बरेच ओसरलेले असतात. पण माल्मोहून आबिस्कोला आगगाडीने पोहोचायला जवळपास एक दिवस आणि एक रात्र जाते, परतताना तेवढीच. दोन आठवड्यांतले हे दिवस मुलीच्या वाट्याचे आहेत. शिवाय उघडे डोंगर, वारा आणि बर्फाचं पाणी हे सगळं तुम्हाला हिमालयातही मिळेल. आपल्याकडे जे मिळत नाही ते वेगळंच: पेरलेल्या शेतांच्या कडेने, गोठ्यांवरून, बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून, कुणाच्या तरी कुरणातून शेकडो किलोमीटर आखलेली, खुणा केलेली पायवाट. त्यासाठी स्वीडनच्या खालच्या टोकासारखी जागा नाही, आणि मुलीचं घर तिथेच आहे.

वाटेचं नाव स्कोनेलेदेन. १९७८ साली सुरू झाली, आज सगळ्या शाखा धरून हजार किमीच्या पुढे गेली आहे. तिची ओस्टर्लेन नावाची शाखा तुमच्यासाठी. माल्मोहून ईस्टादला जांभळ्या रंगाची लोकल जाते, पाऊण-एक तास लागतो. तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे आणि मग वळून उत्तरेकडे चालत सुटायचं: कोसेबेर्या, सांडहामरेन, सिमरिसहाम्न, किविक, हावेंग. साधारण ९० किमी होतात. पाय म्हणतील तिथे थांबा, सिमरिसहाम्नहूनही माल्मोची लोकल आहे. म्हणजे मधूनच परतायची सोय हाताशी असते, आणि या वयात ती मला फार महत्त्वाची वाटते.

चढण? नाहीच म्हणा. या पट्ट्यातली अंगावर येणारी टेकडी म्हणजे स्टेन्सहूवुद, उंची ९७ मीटर. हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला हसू येईल, पण फसू नका. किनाऱ्यावरून जाणारी वाट पुष्कळ ठिकाणी भुसभुशीत वाळूतून जाते, आणि पाठीवर दहा-बारा किलो घेऊन वाळूत चालताना पोटऱ्या बोलायला लागतात. इथे रोजचे १५-१८ किमी पुरे.

पहिल्या दिवशी ईस्टाद ते कोसेबेर्या. मधे काबुसाला लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे. सराव चालू असेल तर वाट बंद असते आणि लांबचा वळसा घ्यावा लागतो, म्हणून तारखा आदल्या दिवशीच नेटवर बघून ठेवा. पुढे हावेंगजवळ राव्हलुंडालाही हेच. कोसेबेर्याच्या वर, समुद्राच्या कड्यावर, ‘आलेस स्टेनार’ आहे: ५९ शिळा जहाजाच्या आकारात उभ्या केलेल्या, ६७ मीटर लांब, सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या. ना तिकीट, ना कुंपण, शिळांच्या मधून मेंढ्या किंवा गाई चरत असतात. दुपारी बसगाड्या भरून माणसं येतात, म्हणून संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे जा. खालच्या बंदरात धुरी दिलेल्या हेरिंग माशाचा वास सुटलेला असतो. तुम्हाला त्याचा उपयोग नाही, पण आइस्क्रीम मिळतं.

दुसऱ्या दिवशी बाकोक्रा लागेल, आणि तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांनी १९५७ साली हे जुनं शेतघर निवृत्तीनंतर राहायला म्हणून घेतलं. ते स्वतः पक्के डोंगरवेडे होते, स्वीडिश पर्यटन संघटनेच्या कार्यकारिणीतही होते. १९६१ मध्ये आफ्रिकेत विमान अपघातात गेले, इथे राहणं झालंच नाही. घरामागच्या माळावर दगडांचं एक वर्तुळ आहे, मधल्या दगडावर ‘पाक्स’, म्हणजे शांती, एवढंच कोरलेलं. तिथून पुढे सांडहामरेन: मऊ, बारीक, पांढरी वाळू, मागे पाइनचं जंगल आणि एक दीपगृह. एकेकाळी जहाजं फुटण्यासाठी हा किनारा बदनाम होता. पाणी गार असतं, पण ऑगस्टअखेर उतरण्याजोगं.

सिमरिसहाम्न ते किविक हा तुकडा मला सगळ्यात आवडतो. कोळ्यांच्या लहान लहान वाड्या, मग स्टेन्सहूवुदचं राष्ट्रीय उद्यान, मग सफरचंदांच्या बागा. किविकला कांस्ययुगातलं एक थडगं आहे, ७५ मीटर व्यासाचा दगडांचा ढीग. लोक शेकडो वर्षं बांधकामाला तिथलेच दगड उचलून नेत होते. १७४८ मध्ये दोन शेतकऱ्यांना असेच दगड काढताना आत दालन सापडलं, आणि त्याच्या शिळांवर घोडे, रथ, जहाजं कोरलेली निघाली. आत जाऊन बघता येतं.

आता जमिनीचा प्रश्न. तुम्ही वाचलंय ते खरं आहे, पण अर्धंच. ‘अल्लेमान्सरेत्तेन’, म्हणजे सगळ्यांचा निसर्गात वावरण्याचा हक्क, ही जुनी रूढी आहे. १९९४ पासून तिचा उल्लेख राज्यघटनेतही आहे. खाजगी रानातून, कुरणातून, समुद्रकाठाने पायी जायला कुणाची परवानगी लागत नाही, वाटाड्याही लागत नाही. रानातली बेरी आणि अळंबी खुशाल तोडा. पण सरकारी निसर्गसंरक्षण खात्याचं सूत्र आहे: त्रास देऊ नका, नासधूस करू नका. म्हणजे उभ्या पिकातून चालायचं नाही, कडेने जायचं. घराच्या अंगणात, परसात शिरायचं नाही. अंगण नेमकं कुठे संपतं हे कायद्याने मीटरमध्ये सांगितलेलं नाही, तुम्हीच समजून घ्यायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात किविकच्या बागांत फांद्या सफरचंदांनी लवलेल्या असतात. त्या बेरी नव्हेत, ते कुणाचं तरी पीक आहे. कुंपणाबाहेरच्या काटेरी झुडपांत लगडलेली ब्लॅकबेरी मात्र तुमची. ती खाल्ली की जीभ जांभळी होते आणि आपल्या करवंदांची आठवण येते.

तंबूचं तसंच. सर्वसाधारण नियम एखाद-दुसऱ्या रात्रीचा, आणि घरांपासून लांब. पण ओस्टर्लेनचा किनारा बराचसा राखीव क्षेत्रात मोडतो आणि राखीव क्षेत्राचे नियम वेगळे असतात. प्रवेशाशी पाटी असते ती वाचायची. स्टेन्सहूवुदमध्ये तंबूला बंदीच आहे. उत्तरेत कुठेही मुक्काम करणारी मंडळी इथे येऊन गोंधळतात ती याच कारणाने. म्हणून स्कोनेलेदेनने ठरवून दिलेल्या मुक्कामाच्या जागा धरूनच दिवस आखा.

अशी जागा म्हणजे काय असतं? ‘विंदस्कीद’ नावाचा लाकडी आडोसा: तीन भिंती, मागे उतरतं छप्पर, चौथी बाजू सताड उघडी. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांचा ओटा, चार-पाच जण शेजारी शेजारी झोपतील एवढा. समोर दगडांनी किंवा लोखंडी कड्याने आखलेली चूल, थोड्या अंतरावर कोरडा संडास. कधी लाकडं ठेवलेली असतात, कधी नसतात. आरक्षण नसतं, आधी येईल त्याची जागा. भरलेली असेल तर शेजारी तंबूपुरती जागा बहुतेक मिळते, म्हणून हलका तंबू जवळ ठेवा. आणि उन्हाळा कोरडा गेला असेल तर विस्तव पेटवायला बंदी असू शकते. ती बंदी इथे गांभीर्याने घेतात, रोज तपासा. तंबूत झोपण्याचा उत्साह नसेल तर ‘वांद्रारहेम’ म्हणजे वसतिगृहं आहेत, स्वयंपाकघरासह. चादर-उशीचा अभ्रा आपला नेला तर पैसे वाचतात.

वाटेत लक्षात राहणारी चीज म्हणजे ‘स्टेत्ता’. कुरणाला तारेचं कुंपण असतं, बरेचदा विजेचं, आणि वाट तर पलीकडे जाते. मग कुंपणावरून दोन्ही बाजूंनी लाकडी शिडी घातलेली असते, इंग्रजी ए अक्षरासारखी. सॅकसकट चढायचं, वर पाय फिरवायचा, पलीकडे उलटं उतरायचं. पावसात पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात आणि आधाराला हात नेमका विजेच्या तारेकडेच जातो. झटका जिवावरचा नसतो, पण अक्कल येते. फाटक असेल तर जसं होतं तसं लावून घ्यायचं. आणि कुरणात वासरं घेऊन गाई असतील तर सरळ मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. या गाई आपल्याकडच्यासारख्या माणसांत वाढलेल्या नसतात.

पाणी: नळाचं सहसा पिण्याजोगं. ओढ्याचं मात्र पिऊ नका, हा शेतीचा मुलूख आहे, वर खतं आणि गुरं दोन्ही आहेत. सगळ्या मुक्कामांवर नळ नसतो. इथले चालणारे लोक एक युक्ती करतात: गावातल्या चर्चच्या आवारात, कबरींवरच्या फुलझाडांसाठी नळ असतो, तिथे बाटल्या भरतात. पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना, तेवढं बघा.

जेवणाचं अवघड नाही. मोठ्या गावांत किराणा दुकान आहे. कडक राईची पाव-चकती, चीज, उकडलेले बटाटे, फळं. कॅफेत ‘वेजितारिस्क’ म्हटलं की समजतात, पण संध्याकाळी लवकर सगळं बंद होतं, तेव्हा रात्रीचं आपलं आपण करायचं. मेतकूट, तांदूळ, चटणी, भाजलेल्या पिठाचं उपीट खुशाल आणा. पेढे, बर्फी, तूप मात्र नको: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो इथे घ्या. किंवा मुलीच्या ओळखीत कुणाकडे त्रांगिया स्टोव्ह असेलच. तो स्पिरिटवर चालतो, लाल रंगाचं स्पिरिट किराणा दुकानातही मिळतं. वाऱ्यात त्याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही.

शेतांच्या फाटकांपाशी टेबलं मांडलेली दिसतील: बटाट्याच्या पिशव्या, सफरचंदं, मधाच्या बाटल्या, किंमत लिहिलेला पुठ्ठा, आणि विक्रेता कुणीही नाही. पैसे ‘स्विश’ या फोनवरच्या ॲपने भरायचे. स्विशला स्वीडिश बँकेचं खातं लागतं आणि ते तुमच्याकडे नसणार. काही ठिकाणी पत्र्याची पेटी असते म्हणून थोडी सुट्टी नाणी ठेवा, नाहीतर नंबराचा फोटो मुलीला पाठवा, ती तिथल्या तिथे भरेल.

खरी भीती अस्वलांची नाही (इथे ती नाहीतच), गोचिडांची. उंच गवतातून चिकटतात, काही गोचिडांतून बोरेलिया नावाचा आजार पसरतो. लांब पँट, पायमोज्यात खोचलेली, आणि रोज रात्री एकमेकांचं अंग तपासायचं: गुडघ्यामागे, जांघेत, केसांच्या कडेला. गोचीड काढायचा छोटा चिमटा औषधाच्या दुकानात मिळतो. काढल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लाल चट्टा गोल पसरत गेला तर डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिकने बरा होतो. गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर लस आहे, पण तिचे एकाहून जास्त डोस असतात, तेव्हा निघण्याआधी पुरेसा वेळ ठेवून तुमच्या डॉक्टरांना विचारा.

वाट चुकण्याची भीती नको. झाडांवर, खांबांवर नारिंगी पट्टे आहेत. दहा मिनिटं नारिंगी दिसलं नाही तर मागे फिरा, शेवटचा पट्टा शोधा. जंगलात लाकूडतोड झालेली असली तर खुणेची झाडंच गेलेली असतात, तिथे फोनवरचा नकाशा उपयोगी पडतो.

मुलीच्या सुट्टीमुळे बेत बदलला तर दोन पर्याय. स्टॉकहोमला गेलात तर सर्मलांड्सलेदेन ही पायवाट बियोर्कहागेनच्या मेट्रो स्टेशनपासूनच सुरू होते, एक-दोन टप्पे करून संध्याकाळी परत. गोथेनबर्गला गेलात तर गोतालेदेन: आलिंगसोसपर्यंत ७१ किमी, वाट रेल्वेच्या जवळून जाते, त्यामुळे रोज एक तुकडा चालून रात्री शहरात झोपता येतं. गुडघे कुरकुरत असतील तर खरं तर हीच निवडा. माल्मोतून एकाच दिवसाची सवड निघाली तर सदेरोसेनचं राष्ट्रीय उद्यान बघा, बीचच्या जंगलातल्या खोल घळी आहेत, आणि तिथे तुम्हाला थोडी चढणही मिळेल.

ऑगस्टअखेर सूर्य आठच्या सुमारास मावळतो, म्हणून सहाच्या आत मुक्कामावर पोहोचेल असा हिशेब धरा. पाऊस कधीही येतो, आपल्यासारखा कोसळत नाही, पण दिवसभर भुरभुरतो. छत्री आणू नका, किनाऱ्यावरचा वारा ती टिकू देत नाही. चांगला रेनकोट आणि सॅकला कव्हर पुरे. तारखा नक्की झाल्या की इथेच लिहा, त्या दिवसांत काबुसाची वाट उघडी आहे का ते मी बघून सांगेन.