फिरत्या कार डिटेलिंगसाठी कोणते वाहन घ्यावे?

प्रश्न : माझे वय २२ वर्षे आहे. ऑटोमोबाइलची पदविका घेतल्यानंतर मी दीड वर्ष एका कार डिटेलिंग केंद्रात काम केले. आता ग्राहकाच्या दारी जाऊन गाडी धुणे, आतून स्वच्छ करणे, पॉलिश आणि कोटिंग करणे असा स्वतःचा फिरता व्यवसाय सुरू करायचा आहे. वडील भांडवलाचा काही भाग देणार आहेत, उरलेल्यासाठी कर्ज काढावे लागेल. मला उंच छताची नवी मोठी व्हॅन घ्यावीशी वाटते, माझा मित्र उघड्या हौद्याचा पिकअप सुचवतो आणि वडील म्हणतात की घरातल्या हॅचबॅकवरच सुरुवात कर. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दीड वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली राबून, काम अंगवळणी पडल्यावर तुम्ही स्वतःच्या व्यवसायाचा विचार करत आहात, हा क्रम मला फार योग्य वाटतो. मात्र रोज किती गाड्या करणार, त्यांवर नेमके कोणते काम करणार आणि त्या गाड्या कोठे उभ्या असणार, याविषयी तुमच्या पत्रात काहीच नाही. वाहनाची निवड या तीन उत्तरांतूनच निघते. त्यामुळे कोणाचे ऐकायचे हे क्षणभर बाजूला ठेवून आपण पाण्यापासून सुरुवात करू, कारण या व्यवसायात वाहनावर सर्वांत मोठा भार पाण्याचाच असतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. विजेवर चालणारा साधारण प्रेशर वॉशर मिनिटाला सात लिटरच्या आसपास पाणी सोडतो, म्हणजे एका गाडीवर दहा मिनिटे ट्रिगर दाबला की सत्तर लिटर संपले आणि दोनशे लिटरच्या टाकीत तीन गाड्याही पुरत्या होत नाहीत. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांना याहून बरेच अधिक पाणी लागते. याउलट रिन्सलेस वॉशमध्ये, म्हणजे खास द्रावणात भिजवलेल्या कापडाने पुसून, वरून पुन्हा पाणी न मारता केलेल्या सफाईत, एक गाडी दहा-बारा लिटरमध्ये होऊ शकते, त्यामुळे दिवसाच्या चार गाड्यांसाठी दोन-तीन कॅन पुरतात. चिखलाने माखलेल्या गाडीवर ही पद्धत वापरू नये, हे तुम्हाला केंद्रातील अनुभवावरून माहीत असेलच, कारण सुटी माती कापडाखाली घासली गेली की रंगावर जाळीदार ओरखडे उमटतात. पण रोज धूळ बसणाऱ्या आणि नियमित सफाई होणाऱ्या गाड्या हेच तुमचे मुख्य काम असेल, तर मोठ्या टाकीची आणि पर्यायाने मोठ्या वाहनाची गरजच उरत नाही. कामाची पद्धत बदलली की वाहनाचा आकार बदलतो, तो असा.

यानंतर भारक्षमतेचा हिशेब करावा लागेल. वाहनाच्या कमाल अनुज्ञेय एकूण वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केले की जो आकडा राहतो, तेवढाच भार तुम्ही कायदेशीरपणे आणि सुरक्षितपणे वाहू शकता. रिकाम्या वजनात चालक धरलेला आहे की नाही, हे कागदपत्रांत तपासून घ्या, कारण तेथेच पाऊणशे किलोचा फरक पडतो. उदाहरणादाखल, तुम्ही ७५ किलो, मदतनीस ६५ किलो, दोनशे लिटर पाणी टाकीसह २१५ किलो, प्रेशर वॉशर २५, छोटा जनरेटर २५, व्हॅक्यूम १०, पाइप आणि रीळ २०, पॉलिशर, रसायने व कापडे मिळून ६० आणि आतील फळ्या-कप्पे ५० किलो धरले, तर बेरीज ५४५ किलो होते. ‘थोडेसेच सामान’ म्हणता म्हणता अर्धा टन कधी ओलांडला, हे कळतही नाही. अनेक लहान व्हॅनची क्षमता या आकड्याच्या आसपासच असते, आणि घरगुती हॅचबॅकची तर त्याहून कमी असून तीत प्रवाशांचे वजनही धरलेले असते.

वजन किती आहे, इतकेच ते कोठे ठेवले आहे हेही महत्त्वाचे आहे. टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवली, तर पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंगचा भरवसा कमी होतो. म्हणून ती शक्य तितकी खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मध्ये असावी. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अधिक त्रास देते, कारण ब्रेक लागल्यावर पाणी पुढे उसळते आणि मग मागे येऊन पुन्हा धक्का देते. आतून आडव्या पडद्यांनी विभागलेली टाकी घेतल्यास हे हेलकावे बरेच कमी होतात. टाकी पट्ट्यांनी वाहनाच्या सांगाड्याला बांधावी आणि चालकाच्या पाठीमागे मजबूत जाळी किंवा भिंत असावी. जोराचा ब्रेक लागला की दोनशे किलोची टाकी दीडशे किलोहून अधिक जोराने पुढे रेटते, आणि तो रेटा तुमच्या पाठीच्या दिशेनेच असतो. या एका बाबतीत मी तुम्हाला कसलीही काटकसर करू देणार नाही.

आता उंच छताविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलेल्या एका तरुणाने अशीच उंच व्हॅन घेतली. तिच्या आत सरळ उभे राहता येत असे, फळ्या सुबक लावलेल्या होत्या आणि दोन्ही बाजूंवर नाव रंगवलेले होते. त्याने आग्रह केला म्हणून पहिल्या आठवड्यात मी त्याच्यासोबत एका कामावर गेलो. तळघरातील पार्किंगच्या उतारावर साखळीला टांगलेली पिवळी-काळी दांडी व्हॅनच्या छताला लागून कर्र असा आवाज आला आणि त्याने घाबरून ब्रेक दाबला. ग्राहकाची गाडी खाली, आणि टाकी, वॉशर, सारे सामान वर. त्याने दोन बादल्या आणि व्हॅक्यूम हाताने खाली नेऊन ते काम पुरे केले, पण त्याच्या बहुतेक ग्राहकांच्या गाड्या अशाच जागी उभ्या असल्याने वर्षभरात त्याला ती व्हॅन विकावी लागली. मी तेव्हा त्याच्याशी कर्जाच्या हप्त्याविषयी पुष्कळ बोललो होतो, पण पार्किंगच्या उंचीविषयी एक शब्दही बोललो नव्हतो, याची खंत मला आजही आहे. तळघरांच्या प्रवेशाची मोकळी उंची अनेक ठिकाणी दोन मीटरच्या आसपास असते, तर उंच छताच्या व्हॅन अडीच मीटर किंवा त्याहून उंच असतात. तुम्ही ज्या भागात काम करणार आहात, तेथील वीस पार्किंगच्या जागा स्वतः जाऊन पाहा, फलकावरील उंची लिहून घ्या, तेथे पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी वापरू देतात का हेही विचारा. नळ मिळत असेल, तर टाकीचा प्रश्न अर्धा सुटला. धुतलेले पाणी कोठे जाणार, हेही त्याच फेरीत पाहून घ्या, कारण साबणाचे आणि तेलकट पाणी पावसाच्या गटारात सोडण्यास अनेक ठिकाणी मनाई असते.

मित्राच्या पिकअपला माझा विरोध नाही. तो भार चांगला पेलतो, ओले पाइप उघड्यावर वाळतात आणि पेट्रोलवर चालणारे यंत्र मोकळ्या हवेत राहते. पण डिटेलिंग हे धुळीविरुद्धचे काम आहे. उघड्या हौद्यात ठेवलेल्या मायक्रोफायबर कापडात वाळूचा एखादा कण अडकला, तरी तो ग्राहकाच्या बोनेटवर आपली खूण ठेवून जातो. शिवाय लाखमोलाची अवजारे रस्त्यावर उघडी राहतात. तेव्हा पिकअप घ्यायचाच, तर कुलूपबंद टप बसवूनच घ्यावा. ट्रेलरचा पर्याय मोकळ्या आवारात चांगला ठरतो, दाटीच्या ठिकाणी तो मागे घेणे आणि उभा करणे हेच एक काम होऊन बसते.

विजेचा विचार वाहन घेण्याआधीच करावा. दीड हजार वॉटचा प्रेशर वॉशर १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरने चालवायचा, तर बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो. वाहनाची मूळ बॅटरी त्यासाठी बनवलेली नसते, म्हणून वेगळी बॅटरी, जाड तारा आणि फ्यूज लागतात. जनरेटर घेतला, तर मोटार सुरू होताना तिला चालू असतानाच्या कितीतरी पट वीज लागते, हे लक्षात घेऊन त्याची क्षमता निवडावी. तो बंद व्हॅनमध्ये किंवा तळघरात कधीही चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जिवावर बेततो. आम्लयुक्त व्हील क्लीनर आणि तेलकटपणा काढणारे अल्कधर्मी डीग्रीझर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावेत. उन्हात तापणाऱ्या व्हॅनमध्ये कोटिंगच्या बाटल्या रात्रंदिवस ठेवू नयेत.

वडिलांच्या सूचनेकडे तुम्ही जरा घाईने पाठ फिरवली असावी, असे पत्रावरून वाटते. माझा कौल त्यांच्याच बाजूने आहे, मात्र एका मर्यादेपर्यंत. पहिले सहा महिने हॅचबॅकमध्ये मागची आसने आडवी करून, व्हॅक्यूम, पॉलिशर, झाकणबंद डब्यांत कापडे आणि तीन-चार कॅन पाणी एवढ्यावर आतील स्वच्छता, रिन्सलेस वॉश आणि पॉलिश ही तीनच कामे घ्या. खासगी वाहनाचा विमा व्यवसायासाठी लागू पडतो का, हे त्याआधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या, आणि ग्राहकाच्या गाडीचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमाही काढा. प्रत्येक कामाचा वेळ, पाणी, अंतर आणि हातात उरलेली रक्कम वहीत टिपत राहा. पुढे व्हॅनचा हप्ता, विमा आणि देखभाल यांची महिन्याची बेरीज एका कामामागे सरासरी उरलेल्या रकमेने भागली की किती गाड्या निव्वळ वाहनासाठी धुवायच्या आहेत, हे स्पष्ट होईल. तो आकडा तुमच्या महिन्याच्या कामांच्या तिसऱ्या भागाहून मोठा निघाला, तर थांबा.

त्यानंतर मी कमी उंचीची, बाजूला सरकते दार असलेली, वापरलेली बंद व्हॅन घेण्याचा सल्ला देईन. पाहायला जाताना चटई उचलून जमिनीचा पत्रा तपासा, मागचे पाटे एका बाजूला बसले आहेत का ते पाहा आणि टायरवरील चार अंकी तारीख वाचा. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. रिकामी व्हॅन सगळ्यांचीच छान चालते, म्हणून शक्य असल्यास तीन-चार माणसे आणि पाण्याचे कॅन भरून चढावर चालवून पाहा.

तोपर्यंत एक काम मात्र या आठवड्यातच करा. पसंतीच्या व्हॅनच्या आतल्या जागेची लांबी-रुंदी घेऊन तेवढा चौकोन घराच्या गच्चीवर किंवा अंगणात खडूने आखा, चाकांच्या कमानींची जागा रेघांनी भरून काढा आणि उरलेल्या जागेत खोकी मांडून टाकी, वॉशर, फळ्या बसवून पाहा. व्हॅक्यूम काढण्यासाठी आधी तीन वस्तू उचलाव्या लागत असतील, तर दिवसातून आठ वेळा त्या उचलाव्या लागतील. ही मांडणी जमली की वर दिलेला वजनाचा हिशेब तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी भरा आणि वीस पार्किंगच्या उंचीसह मला पाठवा. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी आपण तो एकत्र बसून पाहू.