१५ तारीख अजून चालू आहे

बाळा,

(तिशी गाठलीस तरी हेच म्हणणार. सवय मोडायचं माझं वय राहिलेलं नाही.)

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला आणि पोटात गोळा आला. सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावर नेमलेल्या) माणसाने एवढ्या रात्री फोन केला की मनात एकच येतं. निघालं काय, तर एक फॉर्म. ऑनलाइन अध्यापनासाठी शिक्षकाची सज्जता. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण आपले आपणच द्यायचे. तुझी बेरीज ११८, शेरा 'अंशतः सज्ज'. शेजारच्या टेबलावरच्या सरांची १८१, शेरा 'पूर्णतः सज्ज'. आणि तू विचारतोस, "मॅडम, मग मी ऑनलाइन कोर्स शिकवायला नाही म्हणू का?"

मी फोनवर चिडले, त्याबद्दल माफी मागत नाही. दोन वर्षं संख्याशास्त्र शिकलास माझ्याकडे. मोजमापाची विश्वसनीयता (दर वेळी तेच उत्तर येणं) आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) यांतला फरक तुला पेपरात छान लिहिता यायचा. घरचा वजनकाटा रोज दोन किलो कमीच दाखवत असेल तर तो विश्वसनीय झाला, आणि माझ्यासारखीला लाडकाही, पण वजन काही त्याने कळत नाही. या फॉर्मने काय मोजलं? तुझं स्वतःबद्दलचं मत. ते तुझं कायम कमीच होतं. तोंडी परीक्षेत उत्तर बरोबर देऊन "बहुतेक" म्हणणारा मुलगा तू. तुला ११८ पडले नसते तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

क्रूगर आणि डनिंग या दोघांचा १९९९ चा अभ्यास वर्गात सांगितला होता, आठवतो का? कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आपला क्रमांक कुठे लागेल याचा अंदाज त्यांनाच विचारला. तळाच्या चतुर्थकातल्यांची, म्हणजे सगळ्यात खालच्या पाव भागातल्यांची, खरी जागा सरासरी १२ व्या शतमकाला होती (शंभरातल्या बारा जणांच्याच वर), त्यांना वाटत होतं ६२ व्या. आणि वरचे होते ते स्वतःला थोडं कमी लेखत होते. शेजारचे सर तळाचे आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखतही नाही. एवढंच म्हणते की या दोन बेरजांवरून मी त्यांच्याबद्दलही काही ठरवणार नाही आणि तुझ्याबद्दलही.

तसा फॉर्मचा दोष नाही. अमेरिकेत पेन स्टेटसारख्या विद्यापीठांनी अशा प्रश्नावल्या काढल्या त्या शिक्षकाने स्वतःलाच तपासून कुठे मदत घ्यायची ते ठरवावं म्हणून. आपल्याकडे आल्यावर आरशाची गुणपत्रिका झाली. हे आपल्याला नवीन नाही. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फाइलला लागलं की माणूस संगणकसाक्षर, मग पुढे वीस वर्षं त्याचे मेल शिपाई उघडून देत का असेना.

आता मुद्द्याचं. ऑनलाइन शिकवायला तू तयार आहेस की नाही हे बघायची माझ्याकडे एकच रीत आहे. पहिल्या असाइनमेंटची सूचना लिही. तुला न ओळखणाऱ्या मुलाला ती दे. आणि गप्प बस. त्याला तुला एकही प्रश्न न विचारता ते काम करता आलं, तर तू तयार. नाही आलं, तर कॅमेरा कितीही भारी असो, तू तयार नाहीस. तुझ्या गैरहजेरीत तुझं वाक्य टिकतं का, एवढंच बघायचं.

वर्गात आपण किती गोष्टी भुवयांनी करतो याचा आपल्याला पत्ताच नसतो. "चौथं गणित करून आणा" म्हणतो, तिसऱ्या बाकावरचा गोंधळलेला चेहरा दिसतो, आपण लगेच म्हणतो, "म्हणजे चौथ्यातला फक्त ब." ही दुरुस्ती फुकट मिळते. ऑनलाइन ती मिळत नाही. मूल रात्री अकराला, घरचे झोपल्यावर, वडिलांचा फोन हाती आल्यावर तुझं वाक्य वाचतं. तिथे तू नसतोस, तुझं फक्त ते वाक्य असतं.

हे मला कसं कळलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगते.

२०२० चं ते सत्र. कॉलेजने ऑनलाइन सज्जता समिती नेमली, अध्यक्ष मी. आम्हीही असाच फॉर्म काढला होता, ३२ प्रश्नांचा. सगळ्यांनी भरला, मीही भरला, आणि १६० पैकी १५१ गुण स्वतःला देऊन मी स्वतःला सज्ज जाहीर केलं. एस.वाय.ला सहसंबंध शिकवला, म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने वाढतात-घटतात का ते. असाइनमेंट दिली: घरातल्या आणि शेजारपाजारच्या दहा जणांची उंची आणि वजन मोजा, सहसंबंध गुणांक काढा, वहीत लिहा, अपलोड करा. मुदत लिहिली, "१५ ऑक्टोबर रात्री १२ वाजेपर्यंत."

मूडलवर, म्हणजे ऑनलाइन वर्गाच्या आमच्या सॉफ्टवेअरवर, मी १५ तारीख निवडली आणि वेळ ००:०० भरली. ००:०० म्हणजे दिवसाची सुरुवात. मुलांच्या हिशेबात १५ तारखेची रात्र संपेपर्यंत मुदत होती, मशीनच्या हिशेबात ती १४ ची रात्र संपली तिथेच संपली. ६४ पैकी २२ जणांना दार बंद.

त्या दोन दिवसांत परतीच्या पावसाने झोडपून काढलं होतं. पाटणच्या पुढे एका वाडीत राहणारी एक मुलगी संध्याकाळी रेंज मिळते त्या टेकाडावर चढून गेली, वहीच्या पानांचे फोटो घेऊन. अपलोड होईना. तिथूनच तिने मेल केला, सहा बावन्नची वेळ होती. मेलमध्ये एकच ओळ: "मॅडम, १५ तारीख अजून चालू आहे."

मी काय उत्तर दिलं? "मुदत संपली आहे. नियम सर्वांना सारखा." चूक मशीनची नाही, माझी आहे हे लक्षात यायला मला चार दिवस लागले. तेही नवऱ्याने सहज विचारलं म्हणून: "रात्रीचे बारा म्हणजे कुठल्या रात्रीचे गं?" मग दार उघडलं. २१ जणांनी पुन्हा अपलोड केलं. तिने नाही केलं. पुढच्या वर्षी टी.वाय.ला तिने संख्याशास्त्र घेतलं नाही. त्याचा या प्रकाराशी संबंध होता का, मी विचारलं नाही. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे हे वाक्य मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, आणि त्या वर्षी मला ते फार सोयीचं पडलं.

आता माझीही बाजू ऐक. तीन वर्गांची मिळून १४० मुलं होती. थोरली बहीण ऑक्सिजनवर होती. मूडल आदल्याच महिन्यात पहिल्यांदा उघडलं होतं. शिवाय ४२ मुलांनी वेळेत दिलंच होतं की! हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं मी इतक्या वेळा मनात घोळवलंय की आता ऐकताना माझं मलाच पाठांतर वाटतं.

सगळ्यात वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे मला आधी कुणीतरी शिकवलेलं होतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ ला सुरू झालं. नंतरच्या काही वर्षांत तिथल्या पुस्तकाचा एक घटक लिहायला मला बोलावलं. तिथली मुलं पुस्तकावरच शिकणार, शिक्षक भेटला तर अभ्यासकेंद्रावर, रविवारी. मी ऐटीत वीस पानं लिहून दिली. संपादकांनी परत पाठवली, समासात तांबड्या शाईने एकच प्रश्न, अकरा ठिकाणी: "इथे मुलाने काय करायचं?" मला इतका राग आला होता! एम.एस्सी.ला पहिली आलेली बाई मी. पण अकराही ठिकाणी दुरुस्ती केली, आणि तो माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला धडा. तो प्रश्न मी २०२० ला विसरले. कॅमेरा, माइक, पाठीमागचा पडदा यांच्या नादात विसरले. एक गोल दिवाही मागवला होता. तो आता देवघरात आहे.

म्हणून तुझ्या व्हिडिओच्या काळजीवर मी फार वेळ घालवणार नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावरची जवळपास ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास झाला. लोक सलग बघतात ते जेमतेम सहा मिनिटं, व्हिडिओ कितीही लांब असला तरी. आणि नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावलेलं त्यांना जास्त धरून ठेवतं. ते तुला येतंच. कागद, पेन आणि वर टांगलेला फोन, झालं. एडिटिंग कुणाकडूनही शीक, महिन्याभरात येईल. सरकारच्या ऑनलाइन कोर्सांच्या पोर्टलचे, म्हणजे स्वयम्‌चे ते चार भाग, व्हिडिओ, वाचन, चर्चा, मूल्यमापन, तुला पाठ आहेत. त्यांतल्या तिसऱ्या आणि चौथ्यावर माणसं आपटतात. "खालील विषयावर चर्चा करा" लिहून मोकळी होतात, मग मुलं "छान माहिती सर" लिहितात. का लिहिणार नाहीत? काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या तिघांनी २००० साली 'अध्यापकाची उपस्थिती' अशी कल्पना मांडली. तिचे पुढे तीन घटक सांगितले गेले, आणि पहिला घटक कुठला? रचना आणि आयोजन. म्हणजे एकही मूल यायच्या आधी तू एकटा बसून जे लिहितोस ते. समितीवर असताना मी हे वाचलं होतं, पीपीटीतही टाकलं होतं. बघ, माणूस पीपीटीत काय काय टाकू शकतो.

तर तू काय करायचं. माझ्या नवऱ्याने बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठाचा सराव, केलं होतं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (बघणाऱ्यांनी चुका-गुण सांगणं), बारा मिनिटं पुन्हा टाचण, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं, आणि एका वेळी एकच कौशल्य. बी.एड.वाले त्याची टिंगल करतात, पण युक्ती पक्की आहे. तू तेच सूचनेवर कर. संपूर्ण कोर्सची तयारी वगैरे मोठं काही डोक्यात घेऊ नकोस. एक असाइनमेंट घे.

तू फोनवर वाचून दाखवलंस ते आठव: "प्रात्यक्षिक १ पूर्ण करून विहित मुदतीत अपलोड करावे." हे वाक्य कुणासाठी लिहिलंस? प्राचार्यांसाठी. मुलाला हवंय ते असं: वहीत लिहायचं की टाइप करायचं. फोटो चालतील का, किती, की एकच पीडीएफ, आणि पीडीएफ करता येत नसेल तर काय. फाइलला नाव काय द्यायचं. दहाऐवजी आठच माणसं मिळाली तर. रेंज नसेल तर कुठे कळवायचं. बरोबर आलंय हे स्वतःला कसं पडताळायचं. एक नमुना सोडवलेला, तोही थोडा चुकलेला आणि मग दुरुस्त केलेला. आणि मुदत: "गुरुवार, संध्याकाळी ७." बारा कधीही लिहायचे नाहीत. रात्रीचेही नाहीत, दुपारचेही नाहीत.

लिहून झालं की वर्गातल्या हुशार मुलाला देऊ नकोस. तो तुझं मन वाचतो. जो कधी हात वर करत नाही त्याला दे, आणि तो करत असताना शेजारी उभं राहायचं नाही, "अरे म्हणजे" म्हणायचं नाही. हे तुला जमणार नाही, मला माहीत आहे. मदत केल्याशिवाय राहवत नाही तुला, वर्गात तोच तुझा गुण. इथे त्या गुणाला हात बांधून बसव. तो मुलगा जिथे अडला ती ओळ नव्याने लिही, आणि पुन्हा दुसऱ्या अनोळखी मुलाला दे.

आणि तुझ्या प्रमुखांनी परत ११८ चा विषय काढला तर ही दोन्ही कागदं त्यांच्या टेबलावर ठेव, पहिली सूचना आणि तिसऱ्यांदा लिहिलेली सूचना. मी समितीवर असते तर फॉर्म फाडून प्रत्येकाकडून हीच जोडी मागितली असती. मी समितीवर होते, तरी मागितली नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

'नाही' म्हणू नकोस. निदान फॉर्मच्या बेरजेवरून तरी नाही. तू रात्री साडेदहाला विचारलंस, "मुलांना कळलं नाही आणि मला ते कळलंच नाही तर?" त्या ४० प्रश्नांत हा कुठेच नाही.

आमच्या सोसायटीत दूध घालणाऱ्याची मुलगी यंदा एफ.वाय.ला आहे, कॉमर्सची. तुझं नाव तिने ऐकलेलं नाही. तिला विचारून ठेवलंय. तुझी सूचना मला येत्या रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर, एका मेसेजमध्ये. सोमवारी तिच्या हातात देईन आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसेन. पाठवल्यावर समजावून सांगायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तुझी,
मॅडम