कोंबड्या एकमेकींना टोचतायत? आधी खुराडं बघा, दुकानात नंतर जा

पेरण्या उरकल्या की दरवर्षी हेच फोन सुरू होतात. यावेळी तिघांनी जवळपास सारखंच विचारलंय. एका ताईंकडं गिरिराज आणि गावरान मिळून चाळीसेक पक्षी, शेपटीजवळची पिसं उपटून रक्त काढतात, दोन मेल्या, दुकानदार म्हणतो चोची कापून घ्या आणि ही टॉनिकची बाटली चालू करा. दुसऱ्या एका दादांच्या तलंगा (तरण्या कोंबड्या) नुकत्या अंड्यावर आल्यात, त्यातल्या एकीला बाकीच्यांनी मागून टोचून आतडी बाहेर काढली. तिसऱ्यांनी टोचणं थांबावं म्हणून कुणाचं तरी ऐकून पाण्यात मूठभर मीठ घातलं आणि आता पक्षी पाण्यासारखं हगतायत.

मीठवाल्या दादांना पहिलं उत्तर. ते पाणी आत्ताच्या आत्ता ओतून द्या, साधं पाणी ठेवा, थोडं थोडं पण सारखं. कुणी लडखडत असेल तर १९६२ ला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनला, फोन लावा, थांबू नका. मिठाची कमी पडली की कोंबड्या टोचतात हे खरं आहे, पण ते मीठ खाद्यात असतं, १०० किलोला साधारण ३०० ग्रॅम, आणि तेही घरी खाद्य बनवत असाल तरच. तयार मॅशमध्ये, म्हणजे विकतच्या दळलेल्या खाद्यात, ते आधीच घातलेलं असतं. वर सुकट घालत असाल तर अजून मीठ पोटात जातं. पाण्यात मीठ घालायचं नाही. चिमूटभर नाही, मूठभर तर नाहीच.

आता टोचण्याचं. पेरणी झाली की शेजाऱ्याचं उगवलेलं उकरतात म्हणून आपण कोंबड्या कोंडतो, वर पाऊस, म्हणजे जी कोंबडी दिवसभर किडे-मुंग्या टिपत फिरायची ती आता चार भिंतीत नुसती उभी. पुढ्यात काय तर मका. चोचीला काम नाही, पोटात प्रोटीन नाही, मग शेजारणीचं पीस उपटणारच ना. कोवळ्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं, ते एकदा तोंडाला लागलं की मग सगळा कळप त्या एकीच्या मागं लागतो.

यात टॉनिक काय करणार? आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. दुकानदाराचा धंदा आहे, तो बाटली देणारच. काही जण अँटिबायोटिकची पुडी पण देतात, टोचणं हा काही जंतूंचा रोग नाही, ती पुडी पाण्यात घालून तुम्ही स्वतः तीच अंडी खाणार आहात एवढं लक्षात ठेवा.

चोच कापायची नाही. मोठ्या लेयर फार्मवर पिल्लू ७ ते १० दिवसांचं असताना मशीनच्या तापलेल्या पात्यानं टोक भाजतात, ते काम शिकलेला माणूस करतो. तुमची कोंबडी परसात टिपून खाणारी आहे, चोच कापल्यावर ती टिपणार कशी? आणि मोठ्या कोंबडीची चोच ब्लेडनं नाहीतर नेलकटरनं कापली की रक्त थांबत नाही, खाणं सोडते, अंडी बंद. कुणी घरी येऊन पन्नास रुपयात करून देतो म्हणाला तरी नाही.

करायचं काय ते सांगतो. रक्त निघालेली कोंबडी लगेच बाजूला, डालग्याखाली का होईना. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या (खताचं पोटॅश नव्हे) फिक्या पाण्यानं धुवा, वर जांभळं औषध (जेन्शन व्हायोलेट) लावा म्हणजे लाल दिसत नाही, किंवा कडुनिंबाचं तेल. जखम पूर्ण भरल्याशिवाय परत सोडायची नाही. टोचणाऱ्या बहुतेक एक-दोनच असतात, तासभर उभं राहून बघितलं की कळतं, त्यांनाही चार दिवस वेगळं ठेवा.

जागा मोजा. दिवसभर कोंडायचं तर मोठ्या पक्ष्याला निदान २ चौरस फूट, म्हणजे ४० पक्ष्यांना ८ बाय १० चं खुराडं, तेही कमीत कमी. कोंबडे जास्त झाले असतील तर विका, ८-१० माद्यांमागं एक पुरे. रात्रभर मोठा बल्ब कशाला? अंड्यावरच्या पक्ष्यांना दिवस धरून १६ तास उजेड खूप झाला, तोही मंद पिवळा.

नुसता मका बंद. मक्यात प्रोटीन ८-९ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला १६-१८ लागतं. तीन भाग मक्याचा भरडा आणि एक भाग सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड धरा. पावसाळ्यात शेंगदाणा पेंडीला बुरशी लवकर लागते, वास आला तर फेकून द्या, कोंबड्यांना घालू नका. मिनरल मिक्श्चर पाकिटावर लिहिलंय तेवढंच, दुप्पट घातल्यानं दुप्पट अंडी येत नाहीत.

आणि माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, पाला टांगा. शेवग्याचा नाहीतर लसूणघासाची जुडी, सुतळीनं अशा उंचीवर बांधा की कोंबडीला मान ताणून, जरा उडी मारून तोडावं लागेल. खाली टाकलेला पाला पाच मिनिटात तुडवून घाण होतो, टांगलेल्याशी अर्धा दिवस झटापट चालते. सकाळ-संध्याकाळ बदला. कोपऱ्यात पाटीभर चाळलेली राख आणि कोरडी माती ठेवा, त्यात लोळतात आणि उवा कमी होतात. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीच्या फटी बघा, लाल ठिपके चालताना दिसले तर ते रक्त पिणारे बारीक किडे आहेत आणि पक्षी त्यानंच बेचैन आहेत. त्यावर कपाशीचं औषध फवारायचं नाही! पक्ष्याच्या अंगावर तर अजिबातच नाही. गुरांच्या गोचिडाचं औषध अंदाजानं पातळ करून कोंबड्या बुडवणारे पण बघितलेत, संध्याकाळी पोत्यात भरून पुरल्या. दवाखान्यात विचारा, माप तिथं मिळेल.

तलंगावाल्या दादांना: आतडी बाहेर आलेली वाचत नाही, तिच्यावर खर्च करू नका. अंडं घालताना मागचा भाग क्षणभर लाल बाहेर दिसतो, बाकीच्या तिथंच चोच मारतात, म्हणून अंडं अंधारात घातलं पाहिजे. पाच कोंबड्यांना एक खोकं, आत भुसकट, तोंडाला गोणपाटाचा पडदा. दुकानदारानं लेयर मॅश १२ व्या आठवड्यापासूनच चालू करायला लावला असं तुम्ही सांगितलंत, ते चुकीचं. त्यात कॅल्शियम वाढत्या पक्ष्यांच्या खाद्याच्या तिपटीपेक्षा जास्त असतं, अंड्यावर न आलेल्या तलंगेच्या किडन्या त्यानं खराब होतात. पहिली अंडी दिसू लागली की मगच बदला, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला लागेल ती खाईल.

योजनेचं ताईंनी विचारलंय: २५ तलंगा आणि ३ नर असा गट निम्म्या अनुदानावर असतो, अर्ज कधी ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. मिळाला तर जुन्यांत एकदम सोडू नका. मधे जाळी लावून आठवडाभर शेजारी ठेवा, मग रात्री दिवा बंद करून सगळ्या एकदमच आत सोडा, एक-एक नाही, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडून ठेवा.