परवाना कायमचा, दुरुस्ती कुठवर?

प्रश्न: मी फिजिओथेरपिस्ट आहे, एकटीच प्रॅक्टिस करते. पेशंटच्या नोंदी ठेवायला 2019 मध्ये एका कंपनीचं सॉफ्टवेअर एकरकमी पैसे भरून घेतलं. ती आवृत्ती 3 होती आणि परवाना 'कायमस्वरूपी'. गेल्या महिन्यात कंपनीची मेल आली. आवृत्ती 3 मध्ये सुरक्षेची गंभीर त्रुटी सापडली आहे आणि ती फक्त आवृत्ती 5 मध्ये दुरुस्त केली आहे, असं त्यात म्हटलंय. आवृत्ती 5 ला दरवर्षी पैसे भरायचे, शिवाय ती माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. जुन्या आवृत्तीला पॅच, म्हणजे त्या त्रुटीपुरती दुरुस्ती, द्यायला मी कंपनीला भाग पाडू शकते का?

उत्तर: भाग पाडणं अवघड आहे. पण तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी लंगडीही नाही. आणि एक धोका असा आहे, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. त्याकडे येतोच.

आधी 'कायमस्वरूपी' या शब्दाचा निकाल लावू. परवाना म्हणजे वापरायची मुभा. तुम्ही कराराच्या अटी पाळत असाल तर कंपनी उद्या 'आता वापर बंद करा' असं सहसा म्हणू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वापरायची मुभा कायमची असली म्हणून दुरुस्तीचं वचनही कायमचं होत नाही. ते वचन असलंच तर सपोर्टच्या कलमात, विक्रीच्या वेळच्या माहितीपत्रकात किंवा 'अमुक तारखेपर्यंत अपडेट मिळतील' अशा एखाद्या ओळीत सापडेल. 'मला मान्य आहे'वर क्लिक करताना तुम्ही करार वाचला नसणार. वकील असून मीही तेव्हा वाचत नाही. आता मात्र वाचा, आणि वाचायची ती 2019 ची प्रत. कंपनीच्या साइटवर आज असलेला करार तुमचा असेलच असं नाही.

तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे. त्रुटी आता सापडली, पण ती कोडमध्ये बहुधा विक्रीच्या दिवसापासून होती. नवी सोय न देणं आणि विकलेल्या मालातला मुळातला दोष न काढणं या दोन गोष्टी एक नाहीत. कंपनी यावर 'सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलं आहे' हे कलम पुढे करील आणि हमीची मुदत कधीच संपली, असं म्हणेल. शिवाय एकही चूक नसलेलं सॉफ्टवेअर जगात कुणीच बनवत नाही. हा बचाव न्यायाधीशांनाही पटतो आणि खरं सांगायचं तर मलाही पटतो.

तुमच्या करारावर कोणत्या देशाचा कायदा लागू आहे हे पत्रात नाही आणि त्याने बराच फरक पडतो. युरोपीय संघाच्या 2019 च्या डिजिटल आशय निर्देशानुसार (सॉफ्टवेअरसारख्या डिजिटल मालाच्या विक्रीचे नियम) ग्राहकाला वाजवी अपेक्षेइतका काळ सुरक्षेचे अपडेट मिळायला हवेत. पण तिथे 'ग्राहक' म्हणजे स्वतःच्या व्यवसायाबाहेरच्या कामासाठी घेणारा, म्हणजे तुम्ही त्यातून बाहेर. उलट भारताचा 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्यालाही ग्राहक मानतो. तिथे तक्रारीची मुदत दावा उद्भवल्यापासून 2 वर्षांची आहे. दावा खरेदीच्या दिवशी उद्भवला असं कंपनी म्हणेल, त्रुटी कळली त्या दिवशी असं तुम्ही म्हणायचं. अर्धं भांडण तिथेच होईल.

न्यायालयं अशा मागण्यांकडे कशी पाहतात याचं एक उदाहरण. नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेने सॅमसंगविरुद्ध दावा केला होता: फोन विकल्यानंतर ठरावीक वर्षं अपडेट द्यायला लावा. 2018 मध्ये हेगच्या न्यायालयाने मागणी मान्य केली नाही. उद्या कोणती त्रुटी निघेल आणि ती किती गंभीर असेल हे आज ठाऊक नसताना आदेश कसा द्यायचा, ही त्यातली अडचण होती. तुमच्या बाबतीत ही अडचण नाही. त्रुटी ठरलेली आहे आणि कंपनीने स्वतः ती लेखी कबूल केली आहे. ती मेल जपून ठेवा.

आता कंपन्यांची बाजू. जुनी प्रत्येक आवृत्ती कायम दुरुस्त करत बसायची तर तेवढी माणसं, तेवढी चाचणी लागते, आणि शेवटी सगळंच अर्धवट राहतं. म्हणून 'जुन्याला पॅच कायम द्या' ही मागणी मला न्याय्य वाटत नाही. न्याय्य रेघ कुठे ओढावी हे युरोपच्या 2024 च्या सायबर रेझिलियन्स कायद्याने, म्हणजे डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेच्या कायद्याने, नेमकं सांगितलंय. उत्पादकाने सर्वसाधारणपणे किमान 5 वर्षं त्रुटी हाताळायच्या. फक्त शेवटच्या आवृत्तीतच दुरुस्ती करायची असेल तर ती आवृत्ती जुन्या वापरणाऱ्यांना फुकट मिळायला हवी, आणि त्यासाठी त्यांना यंत्रणा बदलायचा जास्तीचा खर्च पडता कामा नये. तुमच्या कंपनीने या दोन्ही अटी मोडल्यात! पण या तरतुदी 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतील, त्यामुळे तुमच्या खरेदीला त्या लावता येणार नाहीत. तरी कंपनीला जी नोटीस पाठवाल तिच्यात त्यांचा उल्लेख जरूर करा. युरोपात माल विकणाऱ्या कंपनीला पुढे हेच करावं लागणार आहे, आणि हे तिच्या वकिलाला चांगलं ठाऊक असतं.

नोटिशीत आणखी एक प्रश्न विचारा: आवृत्ती 3 साठी पॅच कुणालाच दिलेला नाही का? मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपी या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला होता. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने धुमाकूळ घातल्यावर मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पॅच सगळ्यांना खुला केला. तोवर तो वेगळे पैसे भरून सपोर्ट घेणाऱ्यांपुरता होता. म्हणजे पॅच 'अशक्य' असणं आणि 'द्यायचा नाही' असणं यात अंतर असतं, आणि ते अंतर लेखी उत्तरात उघडं पडतं.

दुसऱ्या प्रोग्रामरकडून दुरुस्त करून घेता येईल का, हाही प्रश्न मनात आला असेल. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2021 मध्ये टॉप सिस्टिम प्रकरणात कायदेशीर खरेदीदाराला चूक सुधारण्यापुरता प्रोग्राम उलगडून त्याचा कोड पाहायची मुभा दिली. पण तिलाही कराराच्या मर्यादा आहेत, खर्च मोठा आहे, आणि पेशंटच्या नोंदींवर असा प्रयोग मी सुचवणार नाही.

आता तो धोका. ही मेल आल्यापासून त्रुटी तुम्हाला माहीत आहे. उद्या नोंदी फुटल्या तर 'मला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय उरली नाही. युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा नियम असो की भारताचा 2023 चा डेटा संरक्षण कायदा, सुरक्षेची वाजवी काळजी घ्यायची जबाबदारी पेशंटचा डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणाऱ्यावर येते, म्हणजे तुमच्यावर. कंपनीशी भांडण चालू होतं, हा त्यावर बचाव नाही. तेव्हा तो कॉम्प्युटर आजच इंटरनेटपासून तोडा, नोंदींचा बॅकअप वेगळ्या जागी ठेवा आणि हे कधी केलं ते तारखेसह लिहून ठेवा.

नोटिशीत पॅच मागा. तो नसेल तर तुमच्या कॉम्प्युटरवर चालेल अशी दुरुस्त आवृत्ती वर्गणीशिवाय मागा. तेही नसेल तर सगळ्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतील अशा स्वरूपात मागा आणि 30 दिवस द्या. माझ्या अंदाजाने कंपनी तिसरी मागणी लगेच मान्य करील, दुसरीवर घासाघीस करील. तुमच्या जागी मी नोंदी हातात पडेपर्यंत कोर्टाची भाषा काढणार नाही.

आणि तोवर आवृत्ती 5 ची फुकट ट्रायल कुठल्याही कॉम्प्युटरवर टाकून पाहू नका. तिच्यासोबत नवा करार येतो, आणि 'याआधीचे सर्व परवाने रद्द समजावेत' असं एखादं वाक्य त्यात असलं तर ज्या कायमस्वरूपी परवान्यावर तुम्ही भांडताय तो एका क्लिकने गेला.