ईसीई विभागात संशोधन म्हणजे नेमकं काय चालतं? सगळं तर कंपन्याच शोधतात ना?

तुम्ही लिहिलंय की ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहात, इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे ईसीईत, पीएचडी करायचं मनात आहे. पण घरचे म्हणतात, नवीन काय ते कंपन्या शोधतात, विद्यापीठात नुसते पेपर छापतात. मी अमेरिकेत अशाच एका विभागात अ‍ॅनालॉग चिपवर पीएचडी केली, सहा वर्षं त्यात गेली. घरच्यांची काळजी मला कळते, पण म्हणणं पटत नाही.

सपाट पडद्याच्या जुन्या प्लाझ्मा टीव्हीचंच बघा. तो पडदा जन्मला 1964 साली, अमेरिकेतल्या अर्बाना-शँपेनच्या इलिनॉय विद्यापीठात. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि तेव्हा विद्यार्थी असलेला रॉबर्ट विल्सन, या तिघांच्या हातून. टीव्ही त्यांच्या डोक्यातही नव्हता. त्यांना हवा होता संगणकावर शिकणाऱ्या मुलांसाठी पडदा. प्लेटो नावाची संगणकातून शिकवायची व्यवस्था तिथे 1960 पासून चालू होती. अडचण अशी की पिक्चर ट्यूबवरचं चित्र सेकंदाला कित्येक वेळा पुन्हा काढावं लागतं, नाहीतर ते विझतं. म्हणजे ते कुठेतरी साठवून ठेवणं आलं, आणि त्या काळी मेमरी भयंकर महाग. मग पडद्यालाच आपलं चित्र लक्षात ठेवता आलं तर?

उत्तर इतकं सुंदर आहे की ते थोडं उलगडून सांगतो. दोन काचांच्या मध्ये बारीक बारीक कप्पे, त्यांत वायू, आणि विजेच्या तारा काचेच्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे तार आणि वायू यांच्यामध्ये काच आहे. एसी, म्हणजे सतत दिशा पालटणारं, व्होल्टेज पुरेसं वाढवलं की वायू पेटतो, चार्ज धावत जाऊन काचेच्या भिंतीवर बसतो आणि त्या चार्जमुळेच ठिणगी विझते. पण पुढच्या अर्ध्या सायकलला व्होल्टेज उलटं होतं, आणि आता भिंतीवरचा तोच चार्ज बाहेरच्या व्होल्टेजला मदत करतो. त्यामुळे एकदा पेटलेला कप्पा कमी व्होल्टेजवरही पुन्हा पुन्हा पेटत राहतो. जो कधी पेटलाच नाही, त्याच्या भिंतीवर चार्ज नाही. तेवढ्याच व्होल्टेजवर तो अंधारात राहतो. झाली मेमरी! वेगळी चिप नाही, काही नाही.

1972 च्या सुमारास प्लेटोच्या टर्मिनलवर 512 बाय 512 ठिपक्यांचा नारिंगी पडदा आला, आणि त्याला बोट लावून उत्तरही देता येत होतं. त्याच विद्यापीठात पीएचडी केलेल्या लॅरी वेबर यांनी पुढे प्रत्येक सायकलला वाया जाणारी ऊर्जा परत मिळवणारं सर्किट तयार केलं. ओवेन्स-इलिनॉय, फुजित्सू यांसारख्या कंपन्यांनीही अपार मेहनत घेतली, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. रंगीत टीव्ही म्हणून तो पडदा दुकानात यायला तीसेक वर्षं लागली. ज्या प्रश्नाचं गिऱ्हाईक अजून जन्मलेलंच नाही, तो प्रश्न घेऊन बसायची मुभा विद्यापीठात मिळते. माझ्या मते तिथल्या संशोधनाचं मोल यात आहे.

आता रोजचं काम. माझी चिप फॅबमधून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, आली तेव्हा ती दोन मिलिमीटरचा चौकोन होती, चिकट जेलच्या डबीत ठेवलेली. केसापेक्षा बारीक सोन्याच्या तारांनी ती बोर्डाला जोडली. अ‍ॅम्प्लिफायर चालला, पण मोजलेल्या नॉइजमध्ये (सिग्नलमध्ये मिसळणारी नको असलेली खळबळ) 60 हर्ट्‌झला आणि त्याच्या पटींत उंचच उंच सुळके. 60 हर्ट्झ ही अमेरिकेतल्या घरगुती विजेची वारंवारता. तीन आठवडे मी सर्किटमध्ये चूक शोधत राहिलो, एक बोर्ड नव्याने बनवला, तरी ताकास तूर लागेना. शेवटी लॅबमधली एक सीनियर म्हणाली, पॉवर सप्लाय काढ आणि पेन्सिल सेलवर चालव. सुळके गेले. सप्लाय आणि मोजायचं यंत्र यांच्या अर्थिंगमधून घरगुती विजेचा 60 हर्ट्झचा करंट फिरत होता.

खरी गंमत त्यानंतर होती. सुळके गेल्यावर खाली एक हलका उंचवटा दिसला, जो संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये कुठेच नव्हता. लहान ट्रान्झिस्टरमधल्या ऑक्साइडच्या पातळ थरातल्या एखाद्या दोषात इलेक्ट्रॉन अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. त्या येण्याजाण्याचा तो नॉइज होता. माझ्या प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण त्या उंचवट्यावर आहे. रात्री दहा वाजता आलेखावर तो पहिल्यांदा ओळखू आला, तेव्हा उठून ज्याला सांगावं असं कोणीही लॅबमध्ये नव्हतं. ती रात्र मी विसरणार नाही.

पेपर छापतात हे खरंच आहे, आणि काही पेपर निव्वळ संख्या वाढवायला असतात हेही खरं. म्हणून विभागाच्या नावापेक्षा लॅब बघा. प्राध्यापकांना मेल करण्याआधी तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारा: गेल्या वर्षात तुम्ही स्वतःच्या हाताने काय मोजलंत? अपेक्षेपेक्षा वेगळं आलं तेव्हा सरांनी किंवा मॅडमनी वेळ दिला का? स्टायपेंड किती वर्षं नक्की आहे, हेही न लाजता विचारा. आणि चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत घेऊ नका. साधा, मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प करा, पण त्याचा नॉइज स्वतः मोजा आणि गणिताशी ताडून बघा. आकडे जुळले नाहीत आणि तरी तुम्हाला बेंचवरून उठवेना, तर घरच्यांना समजवायला मी फोनवर बोलायलाही तयार आहे.