कॅनाल द्यू मिदी: तुलूझपासून सुरुवात करू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही ५२, यजमान ५७, त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. सायकल म्हणजे बडोद्यात रविवारी सकाळी कमाटीबागेपर्यंत आणि येताना सेव उसळ. सप्टेंबरात फ्रान्समधल्या कॅनाल द्यू मिदीच्या काठाने गाइडशिवाय फिरणं झेपेल का, आणि पूर्ण २४० किलोमीटर आठ दिवसांत होतील का, हे तुम्हाला हवंय. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचंही हो, पण तसं करू नका.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी नणंद जाऊन आलो. वन्सं इंदूरच्या, तेव्हा त्यांना ६१ पूर्ण झाली होती. दोघींचे नवरे घरी, कारण एकाला क्रिकेट होतं आणि दुसऱ्याला सायकल म्हणजे शाळेतली शिक्षा वाटते. तेव्हा जे सांगते ते दोन साध्या बायकांच्या जिवावर सांगते, शर्यतवाल्यांच्या नाही.

आधी गुडघा. सगळे म्हणतात कालव्याकाठी सगळं सपाट, म्हणून सोपं. हे अर्धंच खरं. पावागडच्या रस्त्याला चढावर दम लागतो, पण उतारावर पाय सुटतात, माणूस सीटवरून जरा उठतो, पाठ मोकळी करतो. कालव्यावर उतार जवळजवळ नाहीच. ३५ किलोमीटर म्हणजे ३५ किलोमीटर पॅडल मारणं आणि तितकाच वेळ बसणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वन्संना पाय कसे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, "पायांना काय झालंय, बसायचं काय ते बोल." म्हणून पॅडची चड्डी दोन जोड घ्या आणि ती इथेच वापरून पाहा. सीट खाली ठेवायची आपल्याला सवय असते, पटकन पाय टेकावा म्हणून. तीच गुडघ्याला मारते. पॅडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या, आणि हलक्या गिअरवर पाय भरभर फिरू द्या. यजमानांसाठी सरळ बॅटरीची सायकल मागा. त्यात कमीपणा काही नाही.

सरावाला जागा तुमच्या दारात आहे. नर्मदेचा मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर धावतो आणि बडोद्याच्या जवळून जातो. त्याच्या कडेचा रस्ता सरळ, सपाट आणि वाऱ्याला उघडा, म्हणजे तुम्हाला हवा तोच कंटाळा. सलग दोन दिवस तीस-तीस किलोमीटर जमले की फ्रान्सची काळजी सोडा. एकाच दिवशी साठ करून दुसऱ्या दिवशी आडवं होणं हा सराव नव्हे.

आता रस्ता. बहुतेक लोक कालव्याच्या पश्चिम टोकाच्या तुलूझ शहरापासून निघतात, कारण तिथली पहिली पन्नासेक किलोमीटर वाट डांबरी आहे. पण त्यातला बराच भाग मोटरवेच्या शेजारून जातो आणि गाड्यांचा आवाज पाठ सोडत नाही. तुम्ही तुलूझहून लोकल गाडीने कास्तेलनोदारीला या, सायकली तिथेच ताब्यात घ्या. पहिल्या दिवशी सामान खोलीवर टाकून उलट दिशेला, तुलूझकडे, १३ किलोमीटर जा आणि परत या. कारण तिकडे नोरूझ आहे. ते पाहिल्याशिवाय या कालव्याचं गणितच कळत नाही.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. पाणी भरून किंवा सोडून त्यात बोट वर-खाली करतात. अडचण अशी की दर वेळी हौदभर पाणी खालच्या बाजूला निघून जातं. कालवा उंचवट्यावरून जात असेल तर सर्वात उंच जागी दोन्ही बाजूंना पुरेल इतकं पाणी सतत यायला हवं. ती जागा नोरूझ, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. स्पेनला वळसा न घालता अटलांटिकच्या बाजूकडून भूमध्य समुद्राला जायचं हे स्वप्न जुनंच होतं, अडलं होतं ते या पाण्यावर. पिएर-पॉल रिके हा इंजिनिअर नव्हे, मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार. त्याने माँताञ् न्वार या डोंगरातले ओढे चर खणून नोरूझला आणले आणि सां-फेरेओलला धरण बांधलं. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ साली, कालव्याला मंजुरी मिळाली. मे १६८१ मध्ये कालवा खुला झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १६८० मध्ये गेला. सयाजीरावांच्या आजवा तलावाचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला हे लगेच समजतं. पाणी दुरून उताराने आणायचं आणि मग राज्य चालवायचं. नोरूझला झाडीत एक लहान चर येऊन मिळतो, इतकंच दिसतं. मी तिथे अर्धा तास बसले होते. वन्संनी तेवढ्यात चिवडा संपवला.

कास्तेलनोदारीहून कालव्याच्या शेवटापर्यंत १७५ किलोमीटर. आमचे मुक्काम असे होते: कार्कासॉन, तिथे एक जादा दिवस, मग त्रेब, ओम्प्स, ल सोमाय, कापस्तां, बेझिए. पहिला टप्पा ४० किलोमीटरचा, बाकीचे १३ ते २७. शेवटी बेझिएहून आग्दमार्गे ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत ३२. कालवा तिथे सरोवराला मिळतो आणि संपतो. पुढे समुद्राच्या कडेने सेतपर्यंत सायकलवाट आहे आणि सेतहून रेल्वे. इतकं थोडं अंतर पाहून लोक हसतात, हसू द्या. जो सकाळी नऊला निघून दुपारी चारपर्यंत सत्तर किलोमीटर ओढतो त्याला लॉकवर थांबायला वेळ नसतो, आणि पाहायचं सगळं लॉकवरच असतं. प्रत्येक लॉकशेजारच्या घराच्या भिंतीवर पाटी असते: मागचं लॉक किती मीटरवर, पुढचं किती. लॉकचा आकार बघा. भिंती सरळ नाहीत, पोट फुगवल्यासारख्या बाहेर वळलेल्या. सुरुवातीला एका लॉकची सरळ भिंत मातीच्या रेट्याने कोसळली, मग रिकेने भिंती कमानीसारख्या आडव्या वळवल्या. तुम्ही पूल उभा पाहिलाय, तोच आडवा झोपवलाय असं समजा.

कार्कासॉनचा किल्ला बघालच, त्यावर मी लिहीत नाही. फक्त एवढं की त्या गावाने सतराव्या शतकात कालव्यासाठी पैसे द्यायला नकार दिला, म्हणून रिकेने कालवा गावाबाहेरून नेला. पस्तावून गावाने तो आत आणला १८१० साली. आपल्याकडच्या एखाद्या सोसायटीची गोष्ट वाटते.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा तुकडा कापस्तां ते बेझिए, जेमतेम वीस किलोमीटर. त्याला पूर्ण दिवस द्या. वाटेत माल्पासला कालवा टेकडीखालून बोगद्याने जातो. १६७९ मधला हा बोगदा, जगातल्या सुरुवातीच्या नौकाबोगद्यांपैकी एक. ठिसूळ खडक पाहून विरोधकांनी मंत्री कोल्बेरचे कान भरले, काम थांबवायचा हुकूम आला, आणि रिकेने गुपचूप माणसं लावून बोगदा आरपार पाडला, अशी गोष्ट तिथे सांगतात. पण मला वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्याच टेकडीच्या पोटात कालव्याच्या खालून रेल्वेचा बोगदा जातो आणि त्याच्याही खालून तेराव्या शतकात खणलेलं एक गटार. मोंतादीची दलदल सुकवण्यासाठी ते खणलं होतं. सायकल बोगद्याजवळ कुलूप लावून आंसेरूनच्या टेकडीवर चढा. इथे चढ आहे, यजमानांना खाली कॉफी प्यायला बसवा. वरून ती सुकवलेली दलदल दिसते: गोल शेत, मध्यबिंदूपासून निघालेले चर, जणू पुरणपोळीचे त्रिकोणी तुकडे पाडून ताटात तसेच ठेवलेत. सप्टेंबरात एक तुकडा पिवळा, शेजारचा नांगरलेला, तिसरा हिरवा.

बेझिएच्या तोंडाशी फोंसेरानची लॉकची शिडी लागते. एकामागे एक जोडलेले हौद, साडेएकवीस मीटर उतार. भाड्याच्या बोटीतले हौशी कप्तान तिथे दोरखंडाशी जी झटापट करतात ती बघायला काठावर गर्दी असते. आम्ही पाऊण तास बघत होतो. सायकलवरून उतरा, चालत खाली जा, उतार चांगलाच आहे.

वाटेबद्दल खरं सांगायला हवं. कास्तेलनोदारीच्या आधीच डांबर संपतं. कार्कासॉन ते ल सोमाय हा भाग कच्चा, अरुंद, काही ठिकाणी झाडांच्या मुळांनी उचललेला. ही मुळात बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट, सायकलींची नव्हे. जाड टायरची हायब्रीड सायकल हवी, बारीक टायरची मुळीच नको. पाऊस पडून गेला असेल तर जवळच्या छोट्या डांबरी रस्त्यांवर जा, तिथे वर्दळ कमी असते. बेझिएच्या पुढे पुन्हा बरीच वाट पक्की आहे.

आणि जुन्या फोटोंत दिसणारी ती चिनारांची सलग कमान आता सगळीकडे मिळणार नाही. काठावर सुमारे ४२ हजार चिनार होते. त्यांना बुरशीचा रोग लागल्याचं २००६ मध्ये लक्षात आलं, आणि त्यावर इलाज नाही. रोगट झाड तोडून जाळतात, आजूबाजूचीही तोडतात, मग वेगळ्या जातीची रोपं लावतात. त्यामुळे एक तास गारव्यात, तर पुढचा तास टळटळीत उन्हात. बडोद्याच्या माणसाला ऊन नवं नाही, पण दर माणशी दोन बाटल्या पाणी घ्याच. छोट्या गावात दुकान नसतं.

दिशा मात्र तुलूझकडून समुद्राकडे हीच ठेवा. सेर्स नावाचा वारा वायव्येकडून येतो आणि तुमच्या पाठीशी असतो. ओतां नावाचा दुसरा वारा उलट्या दिशेने येतो आणि माणसाला वेड लावतो अशी तिथली समजूत आहे. आमच्या वाट्याला तो एकच दिवस आला. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण रडवेल ते हेच. जेवण बारा ते दोन, मग चुली बंद, थेट संध्याकाळी सात-साडेसातला. रविवारी दुपारी आणि सोमवारी खेड्यात काहीही उघडं मिळेल अशी आशा ठेवू नका. आदल्या दिवशी पाव, चीज, फळं पिशवीत हवीत. कास्तेलनोदारीचं प्रसिद्ध कास्सूले दिसायला पांढऱ्या घेवड्याची उसळ, पण त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं. वन्संनी वास घेऊन चमचा खाली ठेवला. शाकाहारी म्हटलं तर मासे आणून ठेवतात, म्हणून "सां व्यांद, सां पुआसों" हे पाठ करा: मांस नको, मासे नको. बकरीच्या चीजचं गरम सलाड आणि ऑम्लेट जवळपास सगळीकडे मिळतं. सलाडवर डुकराचे बारीक तुकडे भुरभुरलेले नाहीत ना, हे मागवतानाच विचारा. थेपले पाच दिवस टिकले, मेतकूट शेवटपर्यंत.

राहिला सहलीच्या कंपनीचा प्रश्न. सेल्फ-गाइडेड म्हणजे खोल्या, सायकली आणि रोज सामान पुढच्या मुक्कामी पोचवणं त्यांच्याकडे, चालवणं आणि चुकणं तुमच्याकडे. मी तरी पैसे देईन, मुख्यतः सामानासाठी. मुळांवरून दोन बॅगा लादलेली सायकल नेणं हा वेगळाच खेळ आहे. आमच्या कंपनीने एकदा बॅगा भलत्याच गावी नेल्या. वन्संनी सायकलच्या चड्डीवर ओढणी गुंडाळून हॉटेलात जेवण केलं, बॅगा रात्री अकराला आल्या. तेव्हापासून औषधं, पासपोर्ट आणि एक साधा कुडता पुढच्या पिशवीत. यजमानांच्या गोळ्याही तिथेच.

दुसरा फायदा व्हिसाचा. शेंगेनसाठी प्रत्येक रात्रीचा मुक्काम कागदावर दाखवावा लागतो, आणि सात गावांच्या सात पावत्यांपेक्षा एक पत्र बरं पडतं. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, हे एजंटला तोंडी न विचारता पॉलिसीत वाचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरची गर्दी पाहता मे महिन्यात कागद तयार ठेवा. सायकलींची मापं कळवताना उंचीबरोबर टाचेपासून जांघेपर्यंतचं मापही द्या, नाहीतर यजमानांना बुटकी सायकल मिळेल.